आत्याची शिट्टी

अंबरनाथ पश्चिमेला नुसत्या शिट्टीने जग थांबवू शकणारी एकच व्यक्ती होती, आणि ती माझी आत्या होती. जग म्हणजे अगदी सगळं नव्हे. पण रिक्षा, भाजीची गाडी, सिलिंडरचा टेम्पो, जिन्यात भांडणारी पोरं आणि एकदा तर उलट्या बाजूने गल्लीत घुसलेला पाण्याचा टँकर, एवढं सगळं तिच्या शिट्टीला जागच्या जागी थबकलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन बोटं तोंडात घालायची, जीभ मागे वळवायची आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून जी काढायची ती थेट स्टेशनापर्यंत पोचायची. "होती" असं लिहिलं म्हणून कुणी हळहळू नये. आत्या हयात आहे, ठणठणीत आहे, साखर नाही, बीपी नाही, गुडघेसुद्धा मूळचेच आहेत. गेली ती शिट्टी. ती कशी गेली हे आमच्या घराण्यात नीट दोघांनाच माहीत आहे, एक तिला आणि एक मला, आणि मला त्याची लाज वाटते. गमतीगमतीत सांगितलं तर लाज जरा हलकी होईल अशा हिशेबाने मी लिहायला बसलो आहे. होईल असं दिसत नाही.

शिट्टी तिने शौक म्हणून उचलली नव्हती. मोरिवलीला पत्र्याची झाकणं पाडणारा एक कारखाना आहे. तिथे ती एकविसाव्या वर्षी पॅकिंगला लागली आणि पुढे प्रेस खात्याची, म्हणजे पत्रा ठोकून झाकणं पाडणाऱ्या यंत्रांची, सुपरवायझर झाली. चौदा प्रेस एकदम चालू असले की तिथे माणसाच्या आवाजाला काही किंमत उरत नाही, म्हणून आत्याने शिट्टीची भाषा बसवली. एक लांब म्हणजे थांबा, दोन आखूड म्हणजे चला, तीन म्हणजे जेवायला. ही भाषा तिने कारखान्यातच ठेवली असती तर ठीक होतं, पण आत्याला घर आणि कारखाना यात फरक करणं कधी जमलं नाही. संध्याकाळी सोसायटीच्या फाटकातून ती दोन आखूड द्यायची आणि वर काका चहाचं आधण ठेवायचे. काका म्हणजे तिचे यजमान, अत्यंत मऊ माणूस. तीन जिने चढून ती दारात येईपर्यंत चहा उकळलेला असायचा, असा पंचवीस वर्षांचा त्यांचा संसार. आमच्या आजीला हे मुळीच पसंत नव्हतं. शिट्टी वाजवणाऱ्या बाईच्या घरात लक्ष्मी टिकत नाही, असं ती येताजाता ऐकवायची. आत्या म्हणायची, "आई, लक्ष्मी सात तारखेला येते आणि मीच तिला हाताला धरून आणते." यावर आजी वातीच वळत बसायची.

माझ्या बारशालाही तिने हा प्रकार केला म्हणतात. आत्या म्हणून कानात नाव सांगायचा मान तिचा. मी तर टाहो फोडत होतो. तिने नाव सांगितलं, मी रडतोच आहे. मग तिने कानाशी अगदी हलकीशी शिट्टी वाजवली आणि मी एकदम गप्प झालो. त्या गप्प होण्याचं पुढे घरात फार कौतुक झालं. मोठेपणी मी जिथे बोलायचं तिथेही गप्प बसतो, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

तिचा पोशाख म्हणजे पँट आणि शर्ट. साडी लग्नकार्यापुरती, तीही अशी नेसायची की पळायची वेळ आली तर पळता यावं. पँट घ्यायला ती उल्हासनगरच्या बाजारात जायची आणि एकदा मला सोबत घेऊन गेली होती. गादीवर बसलेल्या सिंधी शेठने तिला अदबीने सांगितलं, की दीदी, हा जेंट्सचा माल आहे, लेडीजचा समोरच्या दुकानात मिळेल. आत्या म्हणाली, "साईं, माल तुम्हारा, कमर मेरी. नाप लो." शेठने मुकाट्याने टेप काढला. नंतर दर दिवाळीला तो तिच्या मापाच्या दोन पँटी बाजूला काढून ठेवू लागला आणि तिला मास्तरजी म्हणू लागला. उजव्या मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला, कारण बाहेरच्या बाजूला पत्रा घासतो. बाकी दोन्ही मनगटं मोकळी. खुर्चीवर बसली की एक पाय वर. आणि हसणं असं की एका साखरपुड्यात भटजींचा मंत्र चुकला. त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून म्हटला, तर ती पुन्हा हसली.

त्या मोकळ्या मनगटांची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी शेजारच्या प्रेसवरच्या बाईची बांगडी अडकली होती. पुढचं आत्या कधीच सांगत नाही. तिथवर येते आणि दुसरा विषय काढते. सुपरवायझर झाल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर घरून श्रीखंडाचे रिकामे डबे नेले, प्रत्येकावर ऑइल पेंटने एकेका मुलीचं नाव घातलं आणि खात्याच्या दारात फळीवर मांडले. आत शिरण्याआधी बांगड्या डब्यात. काचेच्या निघत नसतील तर साबणाचं पाणी तयार. शिफ्ट सुटली की आत्या स्वतः स्टूल टाकून बसायची आणि एकेकीचा हात हातात घेऊन बांगड्या परत चढवायची. "हात सैल सोड," म्हणायची, "घरून आलीस तशी घरी गेली पाहिजेस. दहाच्या दहा बोटं, डझनच्या डझन बांगड्या."

बारवीकडच्या पाड्यांवरून बऱ्याच पोरी कामाला यायच्या. त्यातल्या एका नव्या सुनेची सासू एकदा भांडायलाच आली. फाटकात उभी राहून म्हणाली, "माजे पोराचे नावाचा चुडा उतरवलास तू. त्याला काय झाला तं तू येशील का निस्तरायला?" आत्याने वाद घातला नाही. म्हातारीला हाताला धरून आत नेलं. एका लाकडाच्या दांडक्याला चार बांगड्या चढवल्या, वर चिंधी गुंडाळली, प्रेसखाली धरलं आणि पायाने पॅडल दाबलं. मग ती चिंधी म्हातारीच्या हातात दिली. म्हातारीने ती उघडून पाहिली, बराच वेळ पाहिली आणि मग स्वतःच सुनेचा हात ओढून उरलेल्या बांगड्या उतरवायला बसली. जाताना एवढंच बजावून गेली, की डबा मात्र रोज पुसून ठेव. आत्या निवृत्त होईपर्यंत त्या खात्यात एकाही बाईचं बोट गेलं नाही. निरोपाच्या दिवशी पोरींनी तिला काय दिलं असेल, तर तिच्या नावाचा श्रीखंडाचा डबा. तो रिकामाच होता.

मलाही तिने शिट्टी शिकवायचा खूप प्रयत्न केला. पाचवीची अख्खी मे महिन्याची सुट्टी मी तिच्या गॅलरीत बोटं चोखत काढली. नुसती फुस्स हवा. "जीभ मागे," ती म्हणायची, "जीभ मागे घे रे, तुझी जीभ फार पुढे येते." शेवटी तिने नाद सोडला आणि मला वही आणून दिली. म्हणाली, तू आपला लिही.

तर मी लिहू लागलो, आणि लिहीत लिहीत टीव्हीच्या मालिकांपर्यंत पोचलो. दोन वर्षांपूर्वी एका रोजच्या मालिकेचे संवाद मला मिळाले. धाकटी सून सोशिक, मोठी जाऊ कारस्थानी, सासू डळमळीत, असा सगळा सुखाचा मामला. मुंबईतल्या एका थंडगार ऑफिसात बैठक होती. पांढऱ्या फळ्यावर दोन रकाने आखलेले. डावीकडे नायिका: बांगड्या, पदर, नजर खाली, आवाज हळू. उजवीकडे मोठी जाऊ, आणि तिच्याखाली काहीच नाही. आमच्या वरच्या बाई म्हणाल्या, खलनायिका अगदीच प्लेन वाटते आहे. बघताक्षणी बायकांच्या मनात तिच्याविषयी अढी बसली पाहिजे, असं काहीतरी द्या. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी नवा होतो, नोकरी टिकवायची होती, आणि हुशारी दाखवायची खाजही होती. मी म्हणालो, ती शिट्टी वाजवते. खोलीत एकदम जान आली. मग मी थांबलोच नाही. पुरुषी घड्याळ, तबकडी आत. मोकळी मनगटं. खुर्चीवर पाय. खदखदून हसणं. पाच मिनिटांत माझी आत्या त्या उजव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत उतरली आणि खाली थोडी जागा उरली, तर मी तिथे बांगड्यांचा डबाही बसवला. मालिकेत मोठी जाऊ नव्या सुनेला कारखान्याच्या दारात बांगड्या उतरवायला लावते आणि डब्यात घालून कुलूप लावते. त्या प्रसंगाला घराघरांतून बायका रडल्या. माझ्या पाठीवर थापा पडल्या. खरं सांगतो, त्या दिवशी मला लाज वाटली नाही. चांगला डोसा खाऊन मी बदलापूरला घरी आलो.

आत्याला माझं केवढं कौतुक. मालिका सुरू झाली की नावांच्या पाटीत माझं नाव यायचं आणि त्या क्षणी तिची शिट्टी सोसायटीभर घुमायची. शेजारणी म्हणायच्या, शिट्टी झाली, बसा आता. मोठ्या जावेचा तर तिला भारी राग. पहिले दोन महिने ती तिला मनापासून शिव्या घालत होती आणि मला फोन करून सांगत होती, की काय नग लिहिला आहेस रे, सापडली तर मुस्काटात देईन. स्वतःचं हसणं ती पडद्यावर ऐकत होती आणि तिला ते ओळखू येत नव्हतं. आपण हसताना कसे दिसतो हे कुठे आपल्याला माहीत असतं? मग बांगड्यांच्या डब्याचा भाग लागला. मी तिथे नव्हतो. काकांनी नंतर सांगितलं. ती एका हाताने दुसरं मनगट धरून बसली होती म्हणे. दुसऱ्या दिवशी पाटीत माझं नाव आलं आणि शिट्टी झाली नाही. शेजारीण विचारायला आली, आज मालिका नाही का म्हणून.

मला मात्र तिने एका शब्दाने विचारलं नाही. सोसायटीतल्या पोरांना तिचं नवं नाव सापडलं होतं, शिट्टीवाली. ती रस्त्यावर असली की जिन्यातून कुणीतरी मालिकेतल्या मोठ्या जावेच्या शिट्टीची धून वाजवायचं. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता. माझाही नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो.

पुढे वर्षभराने तिच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न निघालं. मुलगा बदलापूरचा, पल्लवीच्याच ऑफिसातला, दोघांनी आपलं आपण ठरवलेलं. मुलाकडची मंडळी येऊन गेली, सगळं गोड झालं, आणि निघताना आत्याने सवयीने गॅलरीतून त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली. मुलाच्या आईने छातीला हात लावला आणि हसत हसत म्हणाल्या, की अगंबाई, हे तर अगदी त्या शिट्टीवालीसारखं. सगळेच हसले. आत्याही हसली, पण पदरात तोंड धरून. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, की मुलीबद्दल काहीच म्हणणं नाही, पण आईचं जरा... शेवटी मुलीवर वळण आईचंच असतं. पल्लवी दोन दिवस जेवली नाही. मुलगा घरात अडून बसला, तेव्हा कुठे त्याची आई पुन्हा एकदा निवांत भेटायला तयार झाली.

त्या भेटीला मला मुद्दाम बोलावलं होतं. विहीणबाई मालिकेच्या भक्त, आणि मालिकेचा लेखक घरचाच आहे म्हटल्यावर पारडं फिरेल, असा काकांचा भाबडा विचार. मी गेलो. दार आत्याने उघडलं आणि क्षणभर मला वाटलं, आपण घर चुकलो. हिरवी साडी, दोन्ही खांद्यांवरून पदर, हातात डझनभर हिरव्या बांगड्या. घड्याळ नव्हतं. ती पोह्यांचा ट्रे घेऊन आली, हळू पावलं, नजर खाली, बांगड्यांचा हलका आवाज. हे चालणं मी कुठेतरी पाहिलं आहे असं वाटत राहिलं. पाहिलं नव्हतं, मी लिहिलं होतं. धाकट्या सुनेच्या प्रत्येक प्रवेशाला मी हेच शब्द लिहितो. चांगली बाई कशी दिसते हे आत्याने माझ्याच मालिकेतून, रोज साडेसातला बसून, शिकून घेतलं होतं.

विहीणबाई खूश होत्या. पोहे खाता खाता माझ्याकडे वळून त्यांनी कौतुकाने विचारलं, "ती शिट्टी तुम्हाला सुचली तरी कुठून हो?"

आत्या समोर उभी होती, हातात लिंबाच्या फोडींची बशी. पल्लवी माझ्याकडे बघत होती. काका पंख्याकडे बघत होते. मला सांगता आलं असतं, की ही शिट्टी माझ्या या आत्याची आहे, आणि हिच्यामुळे मोरिवलीतल्या कित्येक बायका आज दहा बोटांनी पोळ्या लाटत आहेत. एवढं एकच वाक्य होतं, आणि मी वाक्यं लिहूनच पोट भरतो. पण लग्न मोडलं तर, असं एक मन म्हणालं. ते निमित्त होतं. खरं म्हणजे मी भ्यालो होतो, की आत्ता इथे, हिच्यासमोर, मी काय केलं ते मलाच ऐकू येईल.

"अशीच," मी म्हणालो, "सुचली."

आत्याने माझ्या पोह्यांवर लिंबू पिळलं आणि अगदी हळू आवाजात विहीणबाईंना सांगितलं, "त्याला लहानपणापासून असंच सुचतं."

लग्न ठरलं. पेढे वाटले गेले. मंडळी गेल्यावर स्वयंपाकघरात ती कप विसळत होती, बांगड्या ओल्या होऊ नयेत म्हणून कोपरापर्यंत वर सारलेल्या. मनगटावर घड्याळाच्या जागी गोरा पट्टा दिसत होता. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "शेवटी काय करणार आहेस तिचं?"

"कुणाचं?"

"तुझ्या त्या शिट्टीवालीचं. मालिका संपणार आहे म्हणे."

अजून ठरलं नाही, असं मी म्हणालो. हे त्या दिवसातलं दुसरं खोटं. सगळं ठरलं होतं, लिहून झालं होतं, शूटिंगसुद्धा झालं होतं.

"मारायची तर मार," आत्या म्हणाली. "वेडी कर, तुरुंगात टाक. पण तिला माफी मागायला लावू नकोस. तिने काय केलंय रे?"

आता मोठ्या जावेने दीड वर्षात खिरीत विष कालवलं होतं, घर गहाण टाकलं होतं आणि एकच मूल दोनदा पळवलं होतं. पण आत्या त्याबद्दल विचारत नव्हती. मी म्हणालो, बघतो.

शेवटचा भाग पुढच्या शनिवारी लागला. मोठी जाऊ भर देवघरात धाकटीच्या पाया पडली, घड्याळ काढून ठेवलं, हात पुढे केले, आणि धाकटीने तिच्या मोकळ्या मनगटांत एकेक करून हिरव्या बांगड्या भरल्या. मागे सनई. मी तो भाग घरी पाहिला आणि शेवटी शेवटी उठून पाणी प्यायला गेलो. रविवारी सकाळी काकांना फोन केला. ते म्हणाले, बघितला की तिने, पूर्ण बघितला. मग म्हणाले, "छान लिहितो, म्हणाली." आणि लगेच सांगू लागले, की हल्ली ती बाहेरून कधी येते ते कळतच नाही, दारात येऊन उभी राहते तेव्हा आधण ठेवायचं राहिलेलं असतं.

संध्याकाळी मी अंबरनाथला गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण सोसायटीच्या फाटकाशी पोचलो आणि पाय जिन्याकडे वळेनात. मी फाटकातच थांबलो. मनाची एवढी लाज वाटत असताना जनाची कशाला बाळगायची. मी दोन बोटं तोंडात घातली आणि दोन आखूड द्यायचा प्रयत्न केला. फुस्स. पुन्हा केला. वॉचमन खुर्चीतून उठून माझ्याकडे बघू लागला. तिसऱ्या वेळी कसलासा बारीक आवाज निघाला असेल, कारण वर गॅलरीत आत्या आली.

तिने मला पाहिलं. काहीतरी म्हणाली. चौदा प्रेसच्या वरताण जिची शिट्टी असायची, ती काय म्हणाली ते मला तीन मजले खाली ऐकू आलं नाही, नुसते ओठ हललेले दिसले. मी मान हलवून कळलं नाही असं सांगितलं. तेव्हा तिने कठड्यावरून वाकून आजूबाजूच्या गॅलऱ्यांकडे एकदा पाहिलं, पदर सावरला, आणि उजव्या हाताची दोन बोटं ओठांपाशी नेली. बांगड्या घरंगळत कोपरापर्यंत गेल्या. मला वाटलं, आता वाजवणार. पण तिने बोटं तोंडात घातली नाहीत. ती तशीच ओठांपाशी धरून तिने दुसऱ्या हाताने मला खूण केली, पाचवीच्या सुट्टीत करायची तीच. जीभ मागे. मी पुन्हा बोटं तोंडात घातली, आणि ती वर उभी राहून वाट बघत राहिली.